दगड वगळून छापलेली पानं

गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या बाईंना लहानथोर सगळे काकू म्हणत, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या शिलाईच्या दुकानातल्या बाईंना मावशी. काकू आणि मावशी नात्याने एकमेकींच्या कुणी नव्हत्या, पण सख्ख्या बहिणींचं जमणार नाही इतकं त्यांचं गूळपीठ होतं. दोघींचे नवरे लवकर गेलेले, दोघींच्या पदरात एकेकच मुलगा, आणि ती मुलंही एकाच वर्गात, एकाच बाकावर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी एकीच्या दुकानात बसत आणि दुसरीच्या दुकानाकडे कान ठेवत.

मावशींचा मुलगा लहानपणापासून पाण्यात पडलेला, म्हणून त्याचं नाव बेडूक. मोठेपणी तो शहराच्या तलावावर लोकांना पोहायला शिकवायला लागला तरी तेच नाव राहिलं. काकूंचा मुलगा मात्र पाण्यात सोडला की सरळ तळाशी. बेडकाने त्याला शिकवायची शिकस्त केली, हात टेकले आणि त्याचं नाव दगड ठेवून दिलं. दगड एका कंपनीत वेबसाइटची पानं बनवायचा. घरी आल्यावरही त्याचं तोंड स्क्रीनमध्येच. काकू हाक मारायच्या, तो "पाच मिनिटं" म्हणायचा, आणि त्या पाच मिनिटांत आमटी थंड होऊन जायची. काकू मावशींना म्हणायच्या, "याच्याशी बोलायचं तर मलाही एखादी खिडकी होऊन त्याच्यासमोर उघडावं लागेल." मावशी म्हणायच्या, "माझा बोलतो गं, पण सगळं पाण्याबद्दल. घरात नळ गळत असला तरी त्याला त्याचं कौतुकच."

मग एका रविवारी दोघं मित्राच्या घरून मोटरसायकलवर परत येत होते. दगड चालवत होता, बेडूक मागे. दगड प्यायलेला होता. वळणावर गाडी सरकली आणि दुभाजकावर आदळली. दगडाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बेडूक जागच्या जागी गेला.

वकिलाने दगडाला परोपरीने समजावलं, की मध्ये कुत्रं आलं म्हण. तो कोर्टात म्हणाला, "कुत्रं नव्हतं. मी प्यायलो होतो." शिक्षा झाली, काही वर्षांची. काकू कोर्टाच्या पायऱ्या उतरत होत्या तेव्हा मावशी खाली उभ्या होत्या. काकूंना वाटलं, त्या रडतील, निदान शिव्या तरी घालतील. मावशी शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला भेटायला तरी जाता येईल."

आयुष्यभर 'तू' आणि 'गं' म्हणणाऱ्या मैत्रिणीच्या तोंडचं ते 'तुम्हाला' काकूंना शिक्षेपेक्षा जास्त लागलं. त्यानंतर भिंतीला भिंत असूनही दोघींमध्ये अवाक्षर नव्हतं. काकू आपलं शटर मावशींच्या आधी उघडायच्या आणि त्यांच्यानंतर लावायच्या, म्हणजे समोरासमोर यायला नको.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी काकू यंत्रात अडकलेला कागद ओढून काढत होत्या. वर बघतात तो काउंटरपलीकडे मावशी. हातात सुरळी केलेले कागद.

"हे असं छापून येतं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कागद काउंटरवर पसरले.

बेडूक एका वेबसाइटवर लिहायचा हे काकूंना ऐकून माहीत होतं. तलावावर शिकायला येणाऱ्या लोकांच्या गोष्टी. कोण पाण्याला कसं भ्यालं, कोणाची भीती कशी मोडली. वाचलं मात्र त्यांनी कधी नव्हतं. आता त्या बघत होत्या तो बेडकाचा तलावाच्या काठावरचा फोटो होता. एका कागदाच्या तळाशी त्याचं कपाळ आणि डोळे, पुढच्या कागदाच्या माथ्यावर हनुवटी आणि खांदे. मधून चेहरा सपकन कापलेला. बाजूला बुटांची जाहिरात मात्र अख्खी.

"बाजारातल्या तीन दुकानांतून काढून आणलं," मावशी म्हणाल्या. "सगळीकडे असंच. ती वेबसाइट बंद होणार आहे. त्याच्या तलावावरच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं. एकदा बंद झाली की सगळं जाणार. मला ते कागदावर हवंय. नीट."

"मी करते," काकू म्हणाल्या. आपल्याला जमेल की नाही, हा विचारही त्यांना सुचला नाही.

"खालच्या लोकांच्या प्रतिक्रियाही हव्यात. लोक त्याच्याशी बोललेत, तो लोकांशी बोललाय. ते सगळं हवं." मावशी थांबल्या. मग काउंटरच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "फक्त दगडाचं काही नको. एक अक्षर नको."

काकू म्हणाल्या, "बरं."

त्या गेल्यावर काकूंनी पान उघडलं आणि नेहमीसारखी छपाईची आज्ञा दिली. यंत्रातून आधी नुसता मेनू आला, मग एक अख्खा काळा पट्टा, ज्याने एका दमात निम्मी शाई पिऊन टाकली. मग जाहिराती. फोटोंच्या जागी राखाडी रिकामे चौकोन. एका ओळीचे तर पानाच्या टोकाला दोन तुकडे झालेले. वेलांट्या आणि मात्रा एका कागदावर, त्यांची अक्षरं दुसऱ्यावर. सगळा मजकूर उचलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवून पाहिला तर जोडाक्षरं फुटली आणि फोटो भलतीकडे पळाले. लोकांची तिकिटं, निकाल, अर्ज काकूंनी आयुष्यभर असेच छापून दिले होते. गिऱ्हाईकही 'चालतंय' म्हणून घेऊन जायचं. हे चालणार नव्हतं. आणि हे काम दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचंही नव्हतं.

विचारायला जगात एकच माणूस होता.

तुरुंगात भेटीच्या खोलीत मध्ये काच होती आणि दोन्हीकडे फोनचा रिसीव्हर. आत कागद नाही, पेन नाही, काही न्यायचं नाही. दर भेटीत माय-लेकांचं बोलणं ठरलेलं. "जेवतोस ना?" "हो." "झोप लागते?" "लागते." मग दोघं काचेवरच्या बोटांच्या डागांकडे बघत बसायची. त्या दिवशी काकू बसल्या बसल्या म्हणाल्या, "वेबसाइटचं पान कागदावर नीट छापायचं असेल तर काय करायचं?"

दगड चमकला. "कुणाचं काम आहे?"

काकूंनी सांगितलं. त्याने रिसीव्हर कानापासून दूर धरला, खाली ठेवतोय असं वाटलं, मग पुन्हा कानाला लावला. घसा साफ करून म्हणाला, "काय काय बिघडतंय, एकेक सांग."

काकू सांगत गेल्या. तो मध्ये मध्ये विचारत होता. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत कधीची विझलेली काहीतरी धुगधुगी आली. ती आल्याचं त्याला स्वतःलाच कळलं आणि तो ओशाळला. पण सांगायचा थांबला नाही.

"पान आधी आपल्या मशीनवर सेव्ह कर. मग ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघड. आत नुसता मजकुराचा गुंता दिसेल, घाबरू नकोस. त्यात वरच्या बाजूला आपण आपले नियम लिहायचे. सगळ्यात आधी त्याला सांगायचं, की हे नियम फक्त कागदासाठी आहेत. स्क्रीनवर काय दिसतंय त्याला धक्का लागत नाही. कळलं?"

"म्हणजे घरात वावरायचे कपडे वेगळे आणि बाहेर जायचे वेगळे."

"हां, तसंच. आता मेनू आणि जाहिराती. पानावरची प्रत्येक गोष्ट एकेका पेटीत असते आणि त्या पेटीला नाव असतं. ते नाव लिहायचं आणि पुढे लिहायचं, डिस्प्ले, मग एकाखाली एक दोन टिंबं, मग नन, मग अर्धविराम. म्हणजे कागदावर दिसू नकोस."

"अर्धविराम शाळेत शिकलेय मी. त्यानंतर आज पहिल्यांदा कुणी मागितला."

दगड हसला. दोन वर्षांत काकूंनी त्याचे दात पाहिले नव्हते.

लिहून घ्यायची सोय नव्हती, म्हणून काकूंनी ते पाढ्यासारखं पाठ केलं. बसमध्ये शेजारची बाई त्यांच्याकडे संशयाने बघत होती, कारण काकू डोळे मिटून "डिस्प्ले, टिंबटिंब, नन, अर्धविराम" पुटपुटत होत्या. कुणाला वाटलं असेल, जप चाललाय.

पुढच्या भेटीला त्या नवीन अडचणी घेऊन गेल्या. फोटो येतच नाहीत. तो म्हणाला, "पान वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवत ने, मग सेव्ह कर. फोटो नजरेसमोर आल्याशिवाय उतरतच नाहीत." आणि फोटो तुटतात? "फोटोच्या पेटीला सांग, ब्रेक इनसाइड, मग अव्हॉइड. ब्रेक आणि इनसाइडच्या मधे आडवी रेघ टाकायची, विसरू नकोस. मग जागा पुरत नसेल तर तो अख्खा पुढच्या पानावर जाईल. मधून तुटणार नाही."

काकूंनी बेडकाचं एकेक पान वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवलं. सरकवायचं म्हणजे वाचणं आलंच. एका म्हाताऱ्या शिक्षिकेने पाण्यात पहिला पाय टाकायलाच कितीतरी दिवस घेतले, त्याची गोष्ट होती. एका दुकानदाराची होती, ज्याला पोहण्यापेक्षा पोट दिसण्याची भीती जास्त होती. आणि प्रत्येक गोष्टीखाली सगळ्यांच्या आधी दगड हजर. "मला शिकवताना तुझी ही विद्या कुठे बुडाली होती?" त्याखाली बेडकाचं उत्तर, "तू बुडत नाहीस रे, तू तळ बघायला जातोस." दोघांचं हे असं पानोपानी. घरात पाच मिनिटं पाच मिनिटं करणारं आपलं पोर इथे इतकं बोलत होतं, इतकं हसत होतं, हे काकूंना ठाऊकच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

फोटोंबद्दलच्या त्या भेटीच्या शेवटी दगडानेच विचारलं होतं, "अजून काय राहिलंय?" आणि काकू "काही नाही" म्हणून उठल्या होत्या. पुढच्या भेटीत त्याने पुन्हा विचारलं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"प्रतिक्रिया."

"त्या नकोत का मावशींना?"

"हव्यात. सगळ्यांच्या हव्यात." काकूंनी बोटावरचा पीळ सोडवला. "एकाच्या सोडून."

दगड काचेवरच्या एका डागावर नख फिरवत राहिला. काचेपलीकडे, शेजारच्या खुर्चीवर कुणीतरी घरच्या गाईगुरांची मोठमोठ्याने चौकशी करत होतं, तेवढाच आवाज. मग तो म्हणाला, "सोपं आहे ते."

"असू दे. मी तिला सांगते जमत नाही म्हणून."

"जमतं, आई. सांगतो ते नीट ऐक. प्रत्येक प्रतिक्रियेच्या पेटीवर लिहिणाऱ्याचं नाव असतं. चौकोनी कंसात ते नाव सांगायचं आणि पुढे नेहमीचं. डिस्प्ले नन. माझं नाव त्यात दगड असंच आहे. अवतरणचिन्ह दोन्हीकडे दे. एक जरी विसरलीस तर मी तसाच राहीन तिथे."

काकूंनी पाठ केलं. घरी येऊन टाइप केलं. दुसरं अवतरणचिन्ह देताना त्यांचं बोट त्या बटणावर नुसतंच टेकून राहिलं. विसरायला काय लागतं? पण मावशींनी दोन वर्षांनी उंबरा चढून एक गोष्ट मागितली होती. त्यांनी बटण दाबलं.

दगड गेला. पण त्याच्याबरोबर बेडूकही गेला. त्याची उत्तरं कुठेच दिसेनात.

काकू घाबरून पुढच्या भेटीला गेल्या. दगडाने कपाळावर हात मारला. "माझ्या लक्षातच आलं नाही. उत्तरं ज्याला दिलेली असतात त्याच्या पेटीच्या आत असतात. त्याची उत्तरं माझ्या पोटात आहेत, आई. मला काढलंस की तोही जातो." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. त्याने तोंड फिरवलं. काकूंनी काचेला तळवा लावला. पहारेकरी लांबून म्हणाला, "हात काढा."

जरा वेळाने दगड म्हणाला, "पेटी राहू दे. पेटीच्या आत माझं नाव आहे आणि माझे शब्द आहेत, तेवढेच काढ. पेटी काढायची नाही." आणि त्याने नवीन ओळ सांगितली, शांतपणे, दोनदा, काकूंकडून म्हणून घेतली, आणि एका ठिकाणी चुकल्या तर दुरुस्त केली.

पानं निघाली तेव्हा अशी निघाली, की काकूंना स्वतःलाच खरं वाटेना. पांढराशुभ्र कागद, चारी बाजूंनी मोकळी जागा, काळी ठसठशीत अक्षरं. एकही चेहरा कापलेला नाही. एकही ओळ पानाच्या तळाशी पोरकी पडलेली नाही. काकूंनी मावशींना निरोप धाडला.

मावशी आल्या, स्टुलावर बसल्या आणि वाचायला लागल्या. गिऱ्हाईक आलं तर काकूंनी हातानेच परत पाठवलं. बेडकाचा तो काठावरचा फोटो आला तेव्हा मावशींनी त्यावरून अंगठा फिरवला, नुकती शिवलेली शिवण दाबून बघावी तसा. मग त्या प्रतिक्रियांपाशी पोचल्या. म्हाताऱ्या शिक्षिकेचे आभार होते, दुकानदाराचा विनोद होता. आणि मध्येच, कुणालाही उद्देशून नाही अशी, बेडकाची एकेक ओळ. "काळजी करू नकोस. पाणी आपल्याला धरूनच ठेवतं, आपण फक्त त्याच्याशी भांडायचं थांबवायचं." त्याच्या वर कोरी जागा. पुढच्या पानावर, "उद्या लवकर ये. मी एकटा असलो की तलाव उगाच मोठा वाटतो." त्याच्याही वर कोरी जागा.

"हे कुणाला म्हणतोय?" मावशींनी विचारलं.

काकूंनी यंत्राचा ट्रे उघडून आतले कागद सारखे केले. मावशींनाही उत्तर नको असावं. त्यांनी मागची पानं उलटून पाहिली, पुन्हा पुढे आल्या. ओठ हलत होते. एका ओळीवर त्या थांबल्या. काकूंना ती ओळ तोंडपाठ झाली होती. कागदावर होतं, "कशाला घाबरतोस? मी आहे ना खाली."

मावशींनी मोठ्याने वाचलं, "कशाला घाबरतेस? मी आहे ना खाली."

दुकानात यंत्राचा पंखा तेवढा घरघरत होता. मावशींनी पुन्हा वाचलं, या खेपेला आणखी हळू. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "जिथे 'तोस' आहे तिथे मी 'तेस' वाचेन. एवढंच तर आहे. बाकी सगळं मलाच म्हणतोय."

 ते सगळं काकूंच्या पोराला म्हटलेलं होतं. पोरगा एक चूक करून बसला होता, पण हे एवढं त्याचं होतं. आता तेही गेलं. आणि समोर बसलेल्या बाईचा चेहरा दोन वर्षांत पहिल्यांदा जरा सैल झाला होता. काकूंनी कागदांच्या कडा जुळवून गठ्ठा नीट केला आणि बांधून दिला.

"मशीनवरचं पुसून टाका," मावशी उठताना म्हणाल्या. अजूनही 'तुम्ही'च.

"पुसते."

"आता. माझ्यासमोर."

काकूंनी पुसलं. मावशींनी स्क्रीन रिकामी झालेली पाहिली आणि गठ्ठा छातीशी धरून गेल्या. काही दिवसांनी ती वेबसाइट ठरल्याप्रमाणे बंद झाली.

भेटीत दगडाने विचारलं, "आवडलं त्यांना?" काकूंनी लपवालपवी केली नाही, 'तोस'चं 'तेस' कसं झालं तेही सांगितलं. दगड ऐकत राहिला. "तूही एक प्रत काढून ठेवायला हवी होतीस, असं वाटत असेल ना तुला?" तो म्हणाला.

"तुला वाटत नाही?"

"वाटतं," तो म्हणाला. "पण मग ते त्यांचं उरलं नसतं."

त्यानंतर ठरलेलं बोलणं पुन्हा सुरू झालं. जेवतोस ना, झोप लागते ना. शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकू कधी कधी मुद्दाम एखादी अडचण शोधून न्यायच्या, कुणाचं तिकीट आडवं छापून येतं म्हणून, कुणाच्या निकालाचा तक्ता पानाबाहेर जातो म्हणून. तो सांगायचा. पण दोघांनाही कळत होतं की हे उगाच आहे.

शिक्षा संपवून दगड घरी आला तेव्हा त्याचे कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. पहिल्या दिवशी त्याने आंघोळ केली, जेवला आणि म्हणाला, "मी मावशींकडे जाऊन येतो."

"नको जाऊस," काकू म्हणाल्या. "जखमेवरची खपली काढू नये माणसाने."

"माझं मला कळतं, आई," म्हणून तो गेलाच.

काकू दुकानात बसून होत्या. हातात कामाचा कागद होता, तो त्यांनी उलटसुलट करून तीनदा वाचला आणि त्यात काय लिहिलंय ते त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळाने दगड आला आणि पायरीवर बसला.

"काय म्हणाली?"

"मी दारात उभा राहिलो. त्या शिलाईच्या मशीनवर होत्या. मी म्हटलं, मावशी. त्यांनी वर पाहिलं नाही."

"मग?"

"मग म्हणाल्या, बाजूला हो, उजेड अडतोय."

काकूंनी हातातला कागद खाली ठेवला. "आणि?"

"आणि मी बाजूला झालो. तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. त्यांनी ती शिवण पूर्ण केली, दोरा दाताने तोडला, दुसरं कापड घेतलं. मग मी आलो."

दगडाने पुढच्या महिन्यात दूरच्या गावी एक खोली घेतली. या गल्लीत त्याच्याने राहवेना, आणि राहा म्हणायचा धीर काकूंनाही झाला नाही. तिथे तो एका छोट्या कचेरीत पानं बनवायचं काम करतो. गाडी चालवत नाही. कितीही लांब असलं तरी चालत जातो. आठवड्यातून एकदा फोन करतो. काकू विचारतात, जेवलास का. तो हो म्हणतो. मग दोघं थोडा वेळ फोन कानाला लावून नुसती बसतात, आणि आधी कोण ठेवणार याची वाट बघतात.